एक पेटी शिल्लक

मालतीबाईंच्या हाताखाली काम करायचं म्हणजे पिकल्या केसांनी पुन्हा शाळेत जाऊन बसायचं. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या धर्मादाय दवाखान्याचं औषधभांडार त्यांच्या ताब्यात होतं. पेटी आली की कंपाउंडर वसंतभाऊंनी ती हातात धरून नाव, बॅच, मुदत मोठ्यानं वाचायची. बाईंनी कॉम्प्युटरात भरायचं. मग पडद्यावर उमटलेलं बाईंनी वाचायचं आणि वसंतभाऊंनी पेटीवर बोट ठेवून 'हो' म्हणायचं. आठवणीतून काही भरायचं नाही, आणि मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून.

"बाई, गोळ्याच आहेत ना, सोनं थोडीच आहे," वसंतभाऊ वैतागायचे.

"सोनं चुकलं तर पैसा जाते, भाऊ. गोळी चुकली तर माणूस जाते. वाचा परत."

नवरा नेपानगरच्या कागद कारखान्यात होता. तो गेल्यावर त्या या नोकरीला लागल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकल्या. पण अशा शिकल्या, की घरी भाजीत मीठ घातलंस का, हेसुद्धा सुनेला दोनदा विचारू लागल्या. सून कावायची. दवाखान्यात मात्र त्यांचं नाव झालं होतं. बाईंनी भरलेला आकडा तपासायची कुणाची छाती नव्हती, आणि कुणाला गरजही वाटत नव्हती. या नावाचा त्यांना अभिमान होता, आणि तो का नसावा?

एक गोष्ट मात्र त्या कधीच भरत नसत. शून्य.

तापीकाठच्या त्यांच्या माहेरी ज्वारीच्या कोठीचा तळ कधी दिसू दिला जात नसे. शेवटची मूठ आत राहायची आणि नवं धान्य तिच्यावरच ओतलं जायचं. कोठी उघडी पडली तर घर उघडं पडतं, असं आई म्हणायची. बाईंनी ती रीत भांडारात आणली. औषधाची शेवटची पेटी त्या हातची सोडत नसत, आणि अगदीच अडलेल्याला द्यावी लागली तर तिची नोंद नवा माल आल्यावरच करत. तोवर पडद्यावर एक पेटी उभी असायची. खरी कोठी रिकामी आहे हे त्यांना ठाऊक असायचं, आणि विचारायला येणारा त्यांच्याकडेच यायचा. त्यामुळे इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं नाही.

मग दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टनं आपले तिन्ही दवाखाने एका प्रोग्रॅममध्ये जोडायला घेतले. बुऱ्हाणपूर, नेपानगर आणि डोईफोडिया. जोडणीचं ते काम दोन वर्षं रेंगाळलं. व्यवस्थापक अरविंद प्रत्येक बैठकीत बाईंकडे बोट दाखवायचा, "एंट्री शिकायची तर इनसे सीखो." जोडणी झाल्यावर त्यानं फर्मान काढलं. पेशंट पाठवण्याआधी पडद्यावर बघायचं, फोनाफोनी करत बसायचं नाही. डोईफोडियाहून फोन तसाही धड लागत नसे. आता बाईंची कोठी तीन गावांतून दिसू लागली. शून्याची रीत मात्र बाईंनी सोडली नाही. तिचा या जोडणीशी काही संबंध असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पावसाळ्यात साप निघतात आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन भराभर उठतं. एका सोमवारी शेवटची पेटी लोधीपुऱ्यातल्याच एका विणकराच्या मुलाला लागली. मुलगा वाचला. बाईंनी त्याच्या आईच्या हातात प्रसादाचा पेढा ठेवला आणि नोंद राहू दिली, कारण नवा माल बुधवारी यायचा होता.

मंगळवारी दुपारी डोईफोडियाच्या शेतात निंदणी करताना कोकिळेला नाग चावला. तिचा नवरा गिरधर तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात आला. तिथल्या नर्सनं, रजनीनं, पडदा उघडला. तिच्याकडे इंजेक्शन नव्हतं, नेपानगरलाही नव्हतं. बुऱ्हाणपूरला एक पेटी होती.

"जवळच्या सरकारीत नेऊ का?" गिरधरनं विचारलं.

"तिथं असेल-नसेल, काय भरोसा? बुऱ्हाणपूरला पक्कं आहे. मालतीबाईंची एंट्री आहे ती. जीप काढा, सीधे तिकडेच जा."

जीप दारात थांबली तेव्हा कोकिळेच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. डॉक्टर ओरडले, "बाई, सापाचं काढा, लवकर!" पेटी नाही हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्या फ्रिजपाशी गेल्या, दार उघडून उभ्या राहिल्या. जणू बघत राहिलं तर पेटी उगवेल.

"नाही आहे," त्या म्हणाल्या.

"पडद्यावर तर एक आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी फ्रिजचं दार लावलं.

जीप वळवून गावाच्या दुसऱ्या टोकाला, सरकारी इस्पितळात नेली. तिथे इंजेक्शन होतं, दिलंही. पण कोकिळेचा श्वास आधीच थांबत आला होता. ती वाचली नाही.

अरविंद संध्याकाळी भांडारात आला. "नेट स्लो था, अपडेट नाही झालं, असं लिहितो मी वर. बाई, तुम्ही गप राहा. तुमच्यावर कोणी शक करणार नाही." त्याचं खरं होतं. कुणीच केला नाही, आणि तेच बाईंच्या उरावर बसलं. त्यांनी सापाच्या इंजेक्शनच्या ओळीत शून्य भरलं. ओळ लाल झाली. 'हो' म्हणायला वसंतभाऊ जवळ नव्हते.

गिरधर तेराव्यानंतर कोकिळेचे कागद न्यायला आला. कुणी त्याला भांडाराकडे पाठवलं. तो दारात चपला काढून उभा राहिला, आणि बाईंना राहवलं नाही.

"सगळे सांगतात तसं नेट हळू नव्हतं, दादा," त्या म्हणाल्या. "पेटी आदल्या दिवशीच संपली होती. मीच शून्य टाकलं नाही."

"काहून नाही टाकलं?"

या माणसाला हे कसं सांगायचं, त्यांना कळेना. मग सांगितलंच. आईची कोठी, शेवटची मूठ, तळ दिसू द्यायचा नाही ते. तो आता ओरडेल, हात उगारेल, असं त्यांना वाटलं. त्यानं ते करावं, अशी त्यांची इच्छाही होती.

गिरधरनं फ्रिजकडे बघितलं.

"आमच्या घरी बी मूठ ठेवतात," तो म्हणाला. "कोकिळा बी ठेवे. तिच्या हातची मूठ अजून तशीच पडेल आहे कोठीत. आता तिच्यावर धान्य ओतायला मन होत नाही."

त्यानं कागद घेतले, चपला घातल्या आणि बसस्टँडकडे निघाला.