शिंपीकाकांचा अर्धा तास

डायलिसिसच्या खोलीत तिला सगळे सुईताई म्हणत. वीस वर्षं सुया टोचण्यात गेली, खरं नाव कुणाच्या तोंडी उरलंच नाही. हात हलका, जीभ मात्र तिखट. ‘पाणी किती प्यायलात?’ असं तिने विचारलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

शिंपीकाकांची वळत नसे. आठवड्यातून तीनदा चार-चार तास ते खिडकीजवळच्या खुर्चीत पडून राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांतल्या चुका काढत.

“ताई, तुमच्या कोटाचा खांदा बघा. दोघींचा कोट एकीने घातलाय.”

“तुम्ही आपल्या रक्ताचं बघा,” ती फणकारायची.

खरं तर ते बघणं तिचंच काम. महिन्यातून एकदा डायलिसिसच्या आधी आणि नंतर रक्त घ्यायचं. दोन्हींतला युरिया ताडून पाहिला की किती टक्के घाण गेली ते कळतं. पासष्टच्या वर गेली तर ठीक. नंतरचं रक्त घेताना पंप मंद करून जरा थांबायचं आणि शरीरातून बाहेर येणाऱ्या नळीतूनच घ्यायचं. परतीच्या नळीत मशीनने नुकतंच धुतलेलं रक्त असतं. ते तपासलं तर मशीनला शाबासकी मिळते, माणसाची खबर लागत नाही. नवशिक्या मुलींना ती हे दटावून शिकवायची.

आणि चुकली तीच. त्या दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या बाईंचा रक्तदाब एकदम घसरला, धावपळ उडाली आणि काकांचं रक्त घेताना तिचा हात परतीच्या नळीवर गेला. तिच्या लक्षातही आलं नाही. रिपोर्ट आला, अठ्ठ्याऐंशी टक्के! शंका यायला हवी होती, पण चांगल्याची शंका कोण घेतं? डॉक्टर खूश झाले. काका कधीपासून मागत होते, तो चार तासांतला अर्धा तास त्यांनी कमी केला.

“ताई, जेवण जात नाही हो,” काका पंधरा दिवसांनी म्हणाले. “अंगालाही खाज सुटते.”

“अहो, वर्गात पहिले आलात तुम्ही! मनाचे खेळ आहेत सगळे.”

काका नुसते हसले.

पुढच्या महिन्याचा आकडा चोपन्न आला. तिने मागच्या महिन्याचा कागद काढून शेजारी धरला. त्या दिवशीची धावपळ आठवली, नळी आठवली. तशीच जाऊन तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. वेळ पुन्हा वाढवली गेली. काकांना सांगायचं मात्र धाडस होईना. रोज ठरवायची, आणि त्यांनी थट्टा केली की पुढच्या खुर्चीकडे वळायची. तिसऱ्या आठवड्यात काका घरीच वारले. हृदय आधीच थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिला ते पटलं नाही, कधीच पटलं नाही.

काही दिवसांनी काकू एक पुडकं घेऊन आल्या. आत पांढरा कोट होता. तिने घालून पाहिला. खांदा जिथल्या तिथे बसला.

“माप कधी घेतलं त्यांनी?”

“तिथे पडल्या पडल्या तुमच्याकडेच तर बघायचे.”

मग तिला राहवेना. रडत रडत तिने सगळं ओकून टाकलं.

“त्यांना कळलं होतं,” काकू म्हणाल्या. “म्हणायचे, माझं पोट खोटं बोलत नाही, ताईंचंच माप कुठेतरी चुकलंय.”

“मग बोलले का नाहीत?”

“बोललो तर अर्धा तास जाईल म्हणाले.” काकूंनी तिची कॉलर सरळ केली. “लवकर घरी आले की त्या अर्ध्या तासात हाच शिवत बसायचे.”