चाळीसच्या खालचं खणायचं नाही

आमची गौर तेरड्याची. डिलाईल रोडच्या खोलीत तेरड्याच्या जुडीला साडी नेसवायची, मुखवटा बांधायचा, आणि बाबा गेल्यापासून आईचं मंगळसूत्रही तिलाच घालायचं. "माज्या गळ्यात नाय, तिच्या तरी ऱ्हवांदे," आई म्हणायची. बाबांच्या गिरणीच्या संपात घरातलं सगळं किडूकमिडूक गेलं, पण त्या दोन वाट्या तिने मोडू दिल्या नव्हत्या. बाबांचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं.

लग्नानंतरही मी गौरीला माहेरी यायचे. त्या वर्षी विसर्जनाच्या घाईत साडी सोडली, मुखवटा काढला, मंगळसूत्र मात्र देठांत अडकून राहिलं. दादर चौपाटीवरून परत आल्यावर आईने रिकामी डबी उघडली, तेव्हा कळलं.

दादा, माझा थोरला भाऊ, जहाजावर होता आणि सुट्टीत घरी आला होता. परदेशातून त्याने धातू शोधायचं मशीन आणलं होतं. काठीच्या टोकाला थाळी आणि वर आकडा दाखवणारी काच. सकाळी ओहोटीला निघण्याआधी त्याने स्वतःची जाडजूड अंगठी फरशीवर ठेवली आणि वरून थाळी फिरवली. पासष्ट.

"सोनं म्हणजे पासष्टच्या आसपास," तो म्हणाला. "चाळीसच्या खाली सगळा चंदेरी कागद. ते खणायचं नाही." मोठा शहाणा.

चौपाटीवर तेरड्याचे ढीग लागले होते. पासष्ट, सत्तर आलं की दादा खणायचा आणि लोकांनी समुद्रात टाकलेली नाणी निघायची. आई मात्र आदल्या दिवशी गौर जिथे सोडली होती तिथून हलेना. तिच्या पायाशी मशीन बारीक वाजलं. अडतीस. ओल्या वाळूत आकडाही धड ठरत नव्हता, छत्तीस, एकोणचाळीस, परत अडतीस.

"खणून बघ रे झिला," आई म्हणाली.

"कचरा आहे गं."

"मशिनीक काय कळता?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतं," म्हणून तो पुढे गेला. मुलगा जग फिरून आलेला, त्याच्यापुढे आपण काय बोलायचं, हे तिचं नेहमीचंच.

पाणी चढायला लागलं तसे घरी आलो. दादा अजून आकड्यांचंच सांगत होता. माझं डोकं फिरलं. मी गळ्यातलं मंगळसूत्र काढून फरशीवर ठेवलं. आईच्या वाट्यांसारख्याच माझ्या वाट्या, पत्र्यासारख्या पातळ, एकाच सोनाराकडच्या.

"आता फिरव," म्हटलं.

अडतीस.

आई उठून जवळ आली आणि वाकून काचेत बघत राहिली. "ह्योच आकडो मगाशी होतो मां?"

दादा मशीन घेऊन धावत सुटला, मागून मी. चौपाटीवर पाणी भिंतीला लागलं होतं. त्याने तरी थाळी पाण्यात बुडवली, आणि आकडे नुसते नाचत राहिले. शेवटी मीच त्याला दंडाला धरून परत आणलं. पुढच्या ओहोटीला त्या जागी नुसती सपाट वाळू होती, अडतीस कुठेच नाही.

पुढच्या वर्षी आईने गौरीला काळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून बांधलं. विसर्जनाला निघताना मी म्हटलं, "आई, तेवढं सोडून घे."

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "जावंदे तिच्याबरोबर."