धक्क्यावर राहिलेलं माणूस

मल्हारगंजच्या स्टॉपवर सिटी बसमध्ये चढलेले ते आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले. बस हलली तसे ते ताडकन उठून ओरडले, "थांबवा! माणूस धक्क्यावर राहिलं!"

इंदुरात धक्का म्हणजे एकच. कंडक्टर धावत आला. "बाबूजी, किसने धक्का दिया?" सगळ्या बसने माझ्याकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "भिया, शरम करो, बुजुर्ग हैं."

"अरे, मी हातसुद्धा लावला नाही!" मी म्हणालो. तेवढ्यात स्टॉपवर उभ्या असलेल्या आजी दिसल्या. बस थांबली. आजी चढल्या, पण नवऱ्याकडे न बघता पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"काका, धक्का म्हणजे?" मी विचारलं.

"आगबोट लागते तो. आम्ही कोकणातले, आता इथे मुलाकडे असतो. तिकडे नदीतून थेट गावापर्यंत आगबोट यायची. नवीन लग्न झालेलं, सासुरवाडीहून निघालो. मी फणस घेऊन चढलो, आणि बोट सुटली. ही धक्क्यावरच."

"आधी फणस?"

"जड होता हो. म्हटलं, तो ठेवतो आणि हिला हात देतो." ते कळवळून म्हणाले, "बोटीला ब्रेक नसतो."

आजींनी मान न वळवता विचारलं, "अहो, आज काय घेऊन चढलात?"

आजोबांनी मांडीवरची शेवेची पिशवी हळूच माझ्या मांडीवर सरकवली.

"काही नाही," ते म्हणाले.