बाबांच्या व्हिडीओ गेमला बसवलेल्या पिना

मला किळस फार पटकन येते. दुसऱ्याने उष्टावलेला पेला, बसच्या दांडीला लागलेला कुणाचा तरी घाम, ताटाच्या कडेला चिकटलेलं कालचं शीत, काहीही पुरतं. बोईसरला ज्या कारखान्यात मी काम करते तिथे मात्र हा स्वभाव उपयोगी पडतो. आमचं टेबल शेवटचं. सर्किट बोर्ड तयार होऊन आला की भिंगाखाली धरायचा, कथलाचा एकेक टाका तपासायचा, कच्चा असला तर पुन्हा झाळायचा. कच्चा टाका मळकट, दाणेदार दिसतो. त्याचीही मला किळस येते, म्हणून तो माझ्या नजरेतून सुटत नाही.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण केळव्याची. लग्न करून पालघरला आली, पण माहेर केळव्यालाच. नारळी-पोफळीची वाडी आहे आणि त्या वाडीत तिच्या भावाने मुंबईच्या पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. एकदा चहाच्या सुट्टीत ती म्हणाली, "अगं, भावाला माळ्यावर आमचा जुना व्हिडीओ गेम सापडलाय. आमी लहान होतो तवा बाबांनी आणलेला. पाहुण्यांना असल्या जुन्या वस्तू लय आवडतात. त्याला तो हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावायचा हाय. पण चित्रात नुसत्या मुंग्या येतात. तुला जमेल काय?"

हे जुने गेम अँटेनाच्या वायरीतून चित्र पाठवतात. आत पत्र्याची एक डबी असते. ती चित्र आणि आवाज एकत्र कालवून एखाद्या चॅनलसारखं टीव्हीला देते आणि त्या कालवाकालवीत चित्राची वाट लागते. डबीत शिरायच्या आधीच चित्राची तार वेगळी आणि आवाजाची वेगळी काढून घेतली, तर चित्र स्वच्छ येतं. मी हे कधी केलं नव्हतं, पण करता येईल असं वाटत होतं. म्हटलं, "आण."

रविवारी बेटेगावच्या आमच्या खोलीसमोर वर्तमानपत्र पसरून मी त्या गेमचे स्क्रू काढले. झाकण उचललं आणि पहिल्यांदा वास आला. आंबट, कुबट, तेलकट. मग दिसलं. वाळून पापडी झालेली झुरळं, त्यांच्या अंड्यांची तपकिरी पाकिटं बोर्डाच्या कडेला ओळीने चिकटलेली, पालीच्या लेंड्या, आणि कॅसेट घालायच्या फटीत अडकलेलं पालीचं शेपूट. एक झुरळ जिवंत होतं. ते माझ्या मनगटावरून वर सरकलं तशी मी किंचाळले आणि सगळं पायरीवर सांडलं. नवरा तारापूरच्या केमिकल कंपनीत दिवसभर उग्र वासात उभा असतो, पण त्यानेही नाकाला रुमाल लावला.

"फेक ते. मिळेल त्यांना नवीन काहीतरी."

फेकलं असतं. पण शेजारणीच्या झाडूने ती घाण लोटत असताना मला बोर्डाची मागची बाजू दिसली. कुणीतरी पूर्वी तो दुरुस्त केला होता. बोराएवढा कथलाचा गोळा, जळून काळी पडलेली वायर, आणि दोन तारा नुसत्या पिळून त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी! झुरळ निदान बिचारं झुरळ असतं. माणसाने केलेलं असलं काम पाहून मला जास्त मळमळलं. तो गोळा तसाच ठेवून मला झोप लागली नसती.

मी जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन बसले. पुढचा रविवारही त्यातच गेला. सगळा मळ निघाल्यावर खालचा हिरवा बोर्ड अगदी धडधाकट निघाला. डबीकडे जाणारी चित्राची तांब्याची रेघ शोधली आणि तोडून बाहेर घेतली. तो सिग्नल अशक्त असतो, लांब वायरीतून थेट टीव्हीपर्यंत पोचत नाही. त्याला हात द्यायला एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला. मागच्या बाजूला भोकं पाडून तीन सॉकेट बसवली. पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. आवाज मुळात एकच, तोच दोन्हीकडे दिला, म्हणजे दोन्ही स्पीकर बोलतील.

पहिल्यांदा लावलं तेव्हा चित्रावर तिरके काळे पट्टे सरकत होते आणि स्पीकरमधून माशी घोंगावल्यासारखा आवाज येत होता. अर्थिंगची तार मी लांबून घेतली होती, आणि आवाजाची तार चित्राच्या तारेला चिकटून गेली होती. दोन्ही बदलल्या. पट्टे गेले, घोंगावणं थांबलं. निळ्या आभाळाखाली एक ठेंगणा माणूस टुणकन उडी मारायला तयार उभा होता. नवरासुद्धा म्हणाला, "आयला, नव्यासारखं दिसतंय की!"

त्यापुढच्या रविवारी सकाळी मी आणि मैत्रीण तो घेऊन केळव्याला गेलो. तिचा भाऊ तिशी-पस्तिशीचा, गोड बोलणारा. "या ताई, या." हॉलमध्ये भिंतभर टीव्ही, दोन्ही बाजूंना कंबरेएवढे स्पीकर. आणि टीव्हीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत तिचे बाबा. दोन वर्षांपूर्वी लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती. तोंड एका बाजूला ओघळलेलं, त्या कोपऱ्यातून लाळेची तार सदऱ्यावर उतरत होती. सदऱ्याचा तेवढा भाग ओला होऊन पिवळट झाला होता. मी नमस्कार केला, तो लांबूनच.

पिना जोडल्या, टीव्ही लावला. बाबा पुढे वाकले. बघता बघता काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मैत्रीण हसली.

"ते विचारतायत, आभाळ निळं हाय? तेव्हा आमचा टीव्ही ब्लॅक अँड वाइट होता ना. आमी कुणी हे रंगीत बघितलंच नाय."

बाबांनी डावा हात पुढे केला. तिने गेमचा रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. एका हाताने ते एकच बटण दाबत होते. पडद्यावरचा माणूस जागच्या जागी उड्या मारत होता आणि बाबा घशातून कसलासा आवाज काढून हसत होते. मग त्यांनी रिमोट माझ्यापुढे धरला. तू खेळ, म्हणून. मी घेतला. तो चिकट, कोमट आणि ओला होता. दोन-चार बटणं दाबली, परत दिला आणि हात मागे नेऊन ओढणीला पुसला.

अकराच्या सुमारास भाऊ घाईघाईने आत आला. "बाबांना मागं घेऊन चल. गाड्या आल्या."

मैत्रीण म्हणाली, "बसू दे की जरा. खेळतायत."

"पाहुण्यांना किळस येते. मागच्या येळेस एक बाई जेवताना उठून गेलेली."

बाबा रिमोट सोडेनात. भावाने त्यांच्या डाव्या हाताचं एकेक बोट उचलून तो काढून घेतला आणि खुर्चीसकट त्यांना उचलून मागे नेलं. मागे म्हणजे पाण्याची मोटर आणि पाहुण्यांचा संडास यांच्या मधल्या पडवीत. मग त्याने कपाटातून एक चौकट काढून टीव्हीशेजारी ठेवली. तिच्यात बाबांचा तरुणपणीचा फोटो होता, मिशा पिळलेल्या, खांद्यावर लहानगा भाऊ. खाली छापलं होतं, 'आमच्या बाबांचा व्हिडीओ गेम'.

पाहुणे आठ-दहा होते. त्यांनी कोंबडी खाल्ली आणि त्याच बोटांनी रिमोट हातात घेतला. बोटं चोखायची, बटण दाबायचं, पुन्हा चोखायची. एकाने बियरचा ग्लास गेमच्या झाकणावरच टेकवला. एक जण खिडकीतून पोफळीच्या बुंध्यावर तंबाखू थुंकला. भाऊ हात जोडून सांगत होता, "बाबांची आठवण हाय, साहेब. जीवापाड जपलीय." एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोटोबरोबर सेल्फी काढला. ती उभी होती तिथून पडवीतली खुर्ची पंधरा पावलांवर असेल.

माझ्यापुढे बोंबलाचं ताट होतं. ते बाजूला सारलं. मी स्वयंपाकघराच्या दारात भावाला गाठलं.

"फोटो पुढे आणि माणूस संडासाशेजारी? लाज नाही वाटत?"

तो चिडला नाही. आवाजही चढवला नाही. "ताई, हा धंदा हाय. आणि मगाशी तुमी पन हात पुसलात. मी बघितलं."

कान तापले. त्याच्याबद्दल वाटत असलेली किळस आता माझ्यावरच येऊन बसली आणि ती कुठे झटकावी ते कळेना.

मी पडवीत गेले. मैत्रीण बाबांचा सदरा बदलत होती. मी माझ्या रुमालाने त्यांची हनुवटी पुसली. हे करताना माझी किळस गेली असं सांगितलं तर खोटं होईल. लाळ गरम होती, वास येत होता. तरी पुसली. पुन्हा ओघळली, पुन्हा पुसली. बाबा हॉलच्या दिशेने कान देऊन होते. तिथून गेमचा आवाज येत होता, दोन्ही स्पीकरमधून, खणखणीत.

परतताना आम्ही रिक्षाने स्टेशनवर आलो. उतरताना मैत्रीण म्हणाली, "मला ठाऊक होतं गं. दर येळी बघून येते आनि काय करत नाय."

पंधरा दिवसांत तिने बाबांना पालघरला आणलं. दोन खोल्या, सासू, दोन मुली. सासू तोंडावर पदर धरायची. मैत्रिणीचा नवरा आठवडाभर कुरकुरला, मग त्यानेच जुन्या खुर्चीला चाकं बसवून दिली. मधे भावाचा मला फोन आला. पिवळी पिन हलतेय, येऊन बघाल का. मी म्हटलं, "तुमच्याकडे मी येणार नाही. दुसरा कुणी बघा." त्याने दुसरा बघितला. त्या दुसऱ्याने काय बघितलं असेल, कसला गोळा लावला असेल, याचा विचार मी करत नाही.

दिवाळीच्या आधी भाऊ गाडी घेऊन पालघरला आला. बाबा अजून आहेत हे कळल्यावर काही पाहुण्यांना म्हणे खऱ्या बाबांना भेटायचं होतं, व्हिडीओ करायचा होता. मैत्रीण दारात आडवी उभी राहिली. "नाय पाठवनार. आता तुला बाप आठवला?"

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. ते जायला तयार होते. डाव्या हाताने सदऱ्याचं बटण लावायची त्यांची धडपड चालली होती आणि मुलीने इस्त्रीचा सदरा काढून द्यावा म्हणून कपाटाकडे बोट दाखवत होते. ती रडली, चिडली, आणि शेवटी तिनेच त्यांची दाढी करून दिली. संध्याकाळी भावाने त्यांना परत आणून सोडलं.

तो व्हिडीओ तिने मला चहाच्या सुट्टीत दाखवला. बाबा हॉलच्या मधोमध बसलेत, हनुवटीखाली पांढराशुभ्र रुमाल. भावाने त्यांच्या खांद्यावर हात टाकलाय आणि तो कॅमेऱ्याकडे बघून काही सांगतोय. बाबा त्याच्याकडे बघतायत, वाकड्या तोंडाने, मनापासून हसत.

मला तो खांद्यावरचा हात बघवेना. मी फोन परत दिला. तिने तो घेतला आणि व्हिडीओ पुन्हा पहिल्यापासून लावला.