हाताला हलकं लागलेलं इंजिन

मशीनकाकांनी उभ्या आयुष्यात कुठलंही शिलाई मशीन डोळ्यांनी तपासलं नाही. मशीन समोर आलं की ते डोळे मिटायचे, दोन बोटांनी चाक फिरवायचे आणि वैद्याने नाडी बघावी तशी मान हलवायचे. "डावीकडे रुसलंय," म्हणायचे. आणि ते खरोखरच डावीकडे रुसलेलं निघायचं. अडलेली मशीनं हलकी करून देण्यात चाळीस वर्षं गेली. त्यामुळे देवाने जे जे चांगलं घडवलं ते हाताला हलकंच लागतं, अशी त्यांची पक्की श्रद्धा झाली होती.

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या निमित्ताने मुलीने घरातलंच, जुनी मशीनं दुरुस्त करून विकायचं दुकान हातात घेतलं. मोतीबिंदू निघाला, दुकान काही परत आलं नाही. खिडकीपाशी कामाचं टेबल होतं आणि त्याच्याजवळ एक गोल स्टूल, गादी फाटून आतला काथ्या डोकावणारं. त्यावर आता मुलगी बसे. काकांच्या वाट्याला पुसापुशी आणि तेलाची कुपी. "बाबा, खूप केलंत, आता आराम करा," असं ती इतक्या मायेने म्हणे की भांडायलाही फट राहत नसे. काकांना दुकान नको होतं, गल्ल्याची किल्ली नको होती. त्यांना ते स्टूल हवं होतं.

अशात जिन्याखाली जावयाचा जुना ट्रक सापडला. म्हणजे खेळण्यातला, पण खेळणं म्हटलं तर जावयाला राग यायचा. हातभर लांब, टरबुजासारखी फुगीर चाकं, खड्ड्यातून उड्या मारत जाणारा आणि हातातल्या रिमोटवर चालणारा. त्याला इवलंसं खरं इंजिन होतं, नायट्रोच्या इंधनावर किंचाळणारं. ते केव्हाच मेलं होतं आणि जावयाची हौसही त्याच्याबरोबरच गेली होती.

काकांनी ट्रक पुसला. पुसणं तेवढं त्यांच्याकडे होतंच. मग रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर असे ट्रक पळवणाऱ्या मंडळींत ते जाऊन उभे राहिले. मंडळींचे पुढारी दातांचे डॉक्टर. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"काका, तुमच्या ट्रकला एकवीस नंबरच्या मापाचं इंजिन लागेल. धुराडं मागे निघणारं बघा, आणि दोरी ओढून सुरू होणारं घ्या, म्हणजे ते सुरू करायची वेगळी पेटी बाळगायला नको. हे बघा, सगळं लिहिलंय."

"कागद राहू द्या डॉक्टर. मी हाताने निवडीन."

"इंजिन आहे काका, कलिंगड नाही."

सगळे हसले. काकाही हसले, पण आतून पेटले. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी सगळ्यांनी मैदानावर यायचं. मुलीने तर यायचंच. काकूंनी ओळखलं की यात ट्रक कमी आणि स्टूल जास्त आहे. त्यांनी संध्याकाळी देवापुढे बसून इंजिनासाठी प्रार्थना केली, मग एवढ्याशा गोष्टीची लाज वाटून त्यातच जगातल्या सगळ्या आजारी माणसांनाही घेतलं.

अशा ट्रकांचे भाग विकणाऱ्या दुकानदाराने काचेवर तीन इंजिनं मांडली. मुठीएवढी, चकचकीत. काकांनी डोळे मिटले. पहिलं फिरवलं. आतला दट्ट्या खालून सरळ वर आला आणि अगदी टोकाशी असा काही आवळला की बोट दुखलं. दुसऱ्याचीही तीच कथा. काकांनी नाक मुरडलं. तिसरं मात्र लोण्यासारखं फिरलं. वर ना अडकणं, ना आढेवेढे.

"हे द्या."

दुकानदार दचकला. "काका, ते विकायचं नाही. नमुन्याचं आहे, माझ्याच ट्रकमध्ये वर्षभर चाललंय. ही दोन नवी आहेत. नवं इंजिन गार असताना वर आवळतंच, गरम झालं की बरोबर बसतं."

काका मिशीत हसले. त्यांच्या स्वतःच्या दुकानातही सगळ्यात गुळगुळीत चालणारं मशीन मागच्या खोलीत झाकलेलं असे, आणि कोणी विचारलं की ते हेच सांगत, "ते नमुन्याचं आहे हो, विकायचं नाही." म्हणजे चांगला माल दडवून ठेवणारा हा गडी आपल्याच शाळेतला!

"मला सांगताय?" ते प्रेमाने म्हणाले. "मीही दुकानच चालवलंय."

दुकानदाराने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्याने मुकाट्याने इंजिन पुडीत बांधलं.

रविवारी ट्रक पहिल्याच दोरीला सुरू झाला. डॉक्टरांच्या ट्रकला पाच हिसके लागले. काकांनी मुलीकडे असं पाहिलं, जणू ट्रक त्यांनीच जन्माला घातलाय. पहिली फेरी झकास. दुसऱ्या फेरीत ट्रकने उंचवट्यावरून अशी उडी घेतली की काकूंनी देवाचं नाव घेतलं. तिसऱ्या फेरीला, ऐन वळणावर, इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते बंद पडलं. दोरी ओढा, काही नाही. थंड होऊ दिलं, सुरू झालं. तापलं, पुन्हा बंद. असं तीनदा. चौथ्यांदा काकांनी दोरीला हात लावला नाही.

डॉक्टर जवळ आले. थट्टा करतील असं वाटलं होतं. ते करुणेने बोलले, आणि ते जास्त लागलं. "झिजलंय काका. गार असताना कसंबसं चालतं, तापून फुगलं की आतला दाबच सुटतो. नवं असतं तर वर आवळलं असतं."

काकांनी ट्रक काखोटीला मारला आणि ते तडक घरी आले. संध्याकाळी मुलगी टेबलापाशी बसून इंजिन बोटांनी फिरवत होती.

"नेमकं काय बघून घेतलंत हे?"

"हाताने बघून." काका म्हणाले. "दुकानदार सांगत होता गं, चालवलेलं आहे म्हणून. मला वाटलं, माझ्यासारखाच खोटं बोलतोय."

मुलगी हसली नाही. तिने चाक पुन्हा एकदा फिरवलं. "तिन्ही डोळे मिटून फिरवलीत?"

"मग काय उघडून?"

"म्हणजे वर्षभर चाललेलं इंजिन तुम्ही न बघता बरोब्बर वेगळं काढलंत."

"आणि विकत घेतलं," काकू देवघरातून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई जुनं शिलाई मशीन विकायला घेऊन आल्या. "अगदी नव्यासारखं आहे हो. फक्त पडदे शिवले त्याच्यावर, तेही सणावारी." अशा गोड बोलण्याला भुलून मुलीने वर्षभरात चार खटारे घेतले होते, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मुलगी स्टुलावरून उठली. पायाने स्टूल काकांकडे सरकवत म्हणाली, "बाबा, जरा बघता? घेण्याआधीचं सगळं आता तुम्हीच बघायचं. दुरुस्ती माझी."

काका बसले. काथ्या टोचला, बरं वाटलं. डोळे मिटून त्यांनी चाक फिरवलं. चाक लोण्यासारखं फिरलं, कुठे अडकणं नाही, आढेवेढे नाहीत. आठवड्यापूर्वी त्यांनी "वा!" म्हटलं असतं.

"ताई," ते डोळे न उघडताच म्हणाले, "तुमच्या घराला खिडक्या फार दिसतात."