क्रेपलाख

हर्णैचा झहूर १९५८ साली कुवेतला आला तो एका तेल कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी म्हणून. त्याआधी आठ वर्षं तो मुंबईत भायखळ्याला फेलाबाईंकडे होता. फेलाबाई पोलंडच्या ज्यू; लढाईच्या धामधुमीत जीव वाचवून मुंबईला आलेल्या. त्यांनी त्याला जवळ उभं करून एक पदार्थ शिकवला होता. मैद्याची पातळ पारी लाटायची, आत खिमा भरून तिकोनी घडी घालायची आणि ती कोंबडीच्या सुपात सोडायची. बाई त्याला आपल्या यिद्दिश भाषेत ‘क्रेपलाख’ म्हणायच्या. शेवटचा ‘ख’ घशातून खरवडून काढावा लागे. लहानपणी मदरशात अरबी अक्षरं घोटलेल्या झहूरला तो पहिल्याच दिवशी जमला. पारी मात्र महिनाभर फाटत राहिली.

मेसमधल्या रोजच्या सुपाला लोक कंटाळले, तेव्हा एका शुक्रवारी झहूरने क्रेपलाख केले. हॅरिस नावाचा इंजिनिअर एरवी ताटात अर्धं टाकून उठायचा. त्या दिवशी रिकामा वाडगा घेऊन तो थेट स्वयंपाकघरात आला.

“हे काय केलंस?” त्याने मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं.

“क्रेपलाख, साहेब.”

हॅरिसने दार लोटून घेतलं. “क्रेपलेख,” तो हळूच म्हणाला.

“लाख, साहेब. आमच्या बाई लाखच म्हणायच्या.”

“माझी आई लेख म्हणायची. आणि एकच असेल तर क्रेपल.”

“एकावर थांबतो कोण, साहेब?”

हॅरिस हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, “हा शब्द इथे कुणापुढे काढू नकोस. इथल्या कागदांवर मी धर्म दुसराच लिहिलाय. इथे ज्यूंना थारा नाही; कळलं तर मला बिऱ्हाड आवरावं लागेल.”

झहूरने मान डोलावली आणि वाडगा पुन्हा भरून दिला.

दुपारी मेसचा मॅनेजर पदार्थांची नावं लिहायचा फळा घेऊन आला. “लोक पुन्हा मागतायत. नाव काय लिहू?”

झहूरने पातेल्यावर झाकण ठेवलं. “कोकणी करंजी,” तो म्हणाला. “आमच्या गावाकडची.” मनातल्या मनात त्याने फेलाबाईंची माफी मागितली.

पुढच्या शुक्रवारी फळ्यावरचं नाव वाचून गोदामातला मुरूडचा अहमद धावत आला. झहूरला वाटलं, आता हा सगळ्यांदेखत विचारणार, कोकणात कुठे करतात रे हे?

अहमदने दोन वाडगे संपवले, मिशी पुसली आणि म्हणाला, “आमच्याकडे लग्नात असतेच ही. तुझ्या हातून नारळ तेवढा राहिला.”

शेजारच्या टेबलावर हॅरिसला जोराचा ठसका लागला. झहूर पाणी आणायला गेला.