उकंडरावांचा आठ पौंडी तंगूस

मोताळ्याहून धरणाकडे जाताना उकंडरावांचं घर लागतं. ओळखायची खूण सोपी. ज्या फाटकाला हत्ती बांधावा एवढी साखळी आहे आणि आत एक म्हातारी शेळी रवंथ करत बसली आहे, ते घर त्यांचं.

उकंडरावांना सगळं घट्ट लागतं. त्यांनी विणलेल्या खाटेवर झोपलेला पाहुणा सकाळी पाठीवर चौकटी घेऊन उठतो. त्यांनी बांधलेली ताडपत्री सोडायला गोजरबाई विळा घेऊन जातात. लोणच्याच्या बरणीचं तर बोलायलाच नको.

"यायनं आवळलेलं झाकण यायलेच उघडत नाही," गोजरबाई सगळ्या गल्लीला सांगतात. "मंग बरणी घिऊन मी हिंडतो दारोदार, अन् लोकायले वाटते लोणचं वाटून राह्यली."

हे सगळं बैलांपासून आलं. कासरा जाड तर बैल आपला, हा उकंडरावांचा कायदा. पोळ्याच्या आधी मोताळ्याच्या बाजारात ते दोर घ्यायला गेले की एक टोक पायाखाली दाबून दुसरं असं ओढायचे की दुकानदार हात जोडायचा. "काका, दोर घेता का दुकान पाडता?" पुढे बैल गेले, भाड्याचा ट्रॅक्टर आला आणि उकंडरावांच्या हाताला आवळायला काही उरलं नाही. तेव्हा पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं, ज्ञानेश्वरनं, बापाला मासे धरायची नव्या तऱ्हेची काठी आणून दिली. लवचिक काठी, तिला वाटीएवढं छोटं रीळ, आणि रिळाच्या डोक्यावर एक चकती. चकती पिळली की दोरी घट्ट धरली जाते, सैल केली की ओढ लागताच दोरी आपोआप सुटते. उकंडरावांनी तिचं नाव ब्रेक ठेवलं आणि पहिल्याच दिवशी तो करकचून पिळून टाकला.

राहिला तंगूस, म्हणजे गळाची दोरी. बुलढाण्याच्या दुकानात काचेसारख्या पारदर्शक तंगुसाची रिळं मांडून ठेवली होती. फ्लोरोकार्बन म्हणतात त्याला, पाण्यात पडला की दिसेनासा होतो. प्रत्येक रिळावर पौंडांचा आकडा, म्हणजे केवढी ओढ सोसेल तो.

"कोणता देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"बैलानं ओढला तरी कोणता तुटत नाही?"

"काका, मासे धरायचे आहेत ना?"

"हाव. पण सवय नाही मोडत."

सर्वांत जाड होता वीस पौंडी. तो त्यांनी घेतला, घरी आणून कडुलिंबाच्या फांदीला बांधला, खाली तराजूचं लोखंडी माप टांगलं आणि झोका दिला. तंगूस तुटला नाही. उकंडराव शेळीकडे पाहून हसले.

नेमके त्याच दिवसांत डोणगावचे उत्तमराव मुक्कामाला आले. उत्तमराव म्हणजे सून मयुरीचे वडील, म्हणजे इवाई. गळ्यात तुळशीची माळ, घरात मासोळीचं नाव निघालं तरी हात धुऊन येणारा माणूस. पण गंमत पाहायला माळ आड येत नाही, म्हणून तेही धरणावर गेले.

जाड तंगूस लहान रिळावर कधी नांदत नाही. उकंडरावांनी काठी फिरवली की त्याची वेटोळी स्प्रिंगसारखी उसळायची आणि रिळाभोवती सुगरणीचं घरटं तयार व्हायचं. गळ जायचा तो समोरच्या दगडापर्यंत. शेवटी ते चिडले, काठी पार पाठीमागे नेली आणि बैलाला आसूड ओढावा तशी फेकली. मागे जाताना गळ त्यांच्याच टोपीत अडकला, हे त्यांना कळलं नाही. लांब पाण्यात काहीतरी पांढरं डचमळलं आणि दोरीला जडपणा आला.

"लागली," उकंडराव ओरडले. "लागली, इवाई. लई भारी आहे."

उत्तमरावांनी त्यांच्या उघड्या टकलाकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. टोपी काठाला लागेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग हळूच म्हणाले, "तंगूस मजबूत होता म्हणून वाचली हो. बारका असता तं तोडून पळाली असती."

त्या दिवसापासून उत्तमरावांना आयुष्यात काम सापडलं. लग्न असो, वास्तू असो, पंगत बसली की ते टोपीची गोष्ट काढत. आधी उकंडरावांचा घोगरा आवाज काढायचे, मग डोळे मोठे करून "लागली" म्हणायचे, मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून थांबायचे. लोक ताटावर लवंडायचे. दर सांगण्याला टोपी वजनानं वाढत गेली. मेहकरच्या एका लग्नात तर ती काढायला माणसं बोलवावी लागली होती.

उकंडराव हसण्यावारी न्यायचे. पण मयुरीला मुलगी झाली, बारसं डोणगावला ठरलं, आणि आमंत्रण द्यायला आलेले उत्तमराव म्हणाले, "सारे पाव्हणे येऊन राह्यले. तुमची टोपी यंदा पाळण्याजवळ सांगतो."

उकंडरावांचा घास थांबला. नातीच्या कानात आत्या नाव सांगणार, आणि त्याच्या पाठोपाठ हे? पोर मोठी होऊन सगळ्यांत आधी काय शिकणार, तर आपला आबा टोप्या धरतो.

"इवाई, तेवढं नोका सांगू."

"काऊन?"

"मासोळी काढून दाखवली तं?"

उत्तमराव खुशीत आले. "उद्या सकाळी काढून दाखवा. पाण्याबाहेर आलेली मले दिसली पाह्यजे. टोपीचं नाव पुन्हा नाही काढत. माळेची शपथ."

उकंडराव अंगणात गेले आणि त्यांनी ज्ञानेश्वरला फोन लावला. पोराला काही विचारणं त्यांना बरणी उघडण्याइतकंच जड जात असे. ज्ञानेश्वरनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, तंगूस कोणता टाकला होता?"

"वीस."

"त्या रिळाले आठ लागते. मी डब्यात ठेवून आलो होतो ना."

"तो? त्यानं तं शेळी बी बांधता येत नाही."

"शेळी नाही बांधायची, बाबा. मासोळीच्या वजनावर नाही, रिळाच्या तोलावर घ्यायचा तंगूस. बारीक असला की सुटसुटीत जाते, मासोळीले दिसत नाही. अन् ब्रेक सैल ठेवा. तिनं ओढ घेतली की तंगूस गेला पाह्यजे. जाऊ द्या तिले, थकली की आणा."

"अन् तुटला तं?"

"आवळला तं तुटते. आणि गाठ वल्ली करून आवळा, थुंकी लावा. कोरडी आवळली की घासून कमजोर होते."

उकंडरावांनी फोन ठेवला. आतून गोजरबाईंचा आवाज आला. "झाकण बी असंच सैल लावत जा."

सकाळी धरणावर धुकं होतं. उकंडरावांनी बुडालेल्या बाभळींची बाजू सोडली, मोकळ्या पाण्याची खडकाळ जागा धरली. आठ पौंडी तंगूस बोटांत धरवत नव्हता, कोळ्याचं जाळं तोंडावर यावं तसा. त्यांनी गळाला गाठ मारली, थुंकी लावली, ओढली. ब्रेक सैल करताना मात्र त्यांचा चेहरा असा झाला की उत्तमरावांनी विचारलं, "दात दुखून राह्यला का?"

गळाला आमिष म्हणून लावलेला पत्र्याचा चमचमता तुकडा सुर्रकन लांब गेला. तंगूस कुठे उसळला नाही, अडला नाही. उकंडराव रीळ फिरवत राहिले. पुन्हा फेकला, पुन्हा फिरवला. उत्तमराव दगडावर बसून बारशाची तालीम करत होते. "लागली, इवाई," घोगऱ्या आवाजात. मग मान हलवून, "नाही, थोडा अजून खालचा सूर पाह्यजे."

"लागली," उकंडराव म्हणाले.

"हं, हा सूर बराबर आहे."

"इवाई, खरंच लागली."

काठी कमानीसारखी वाकली होती आणि रीळ कर्र आवाज करत तंगूस सोडत होतं. मरळ होती. एकदा वर आली तेव्हा काळी पाठ मांडीएवढी दिसली. उकंडरावांची बोटं आपसूक ब्रेककडे निघाली. सारा जन्म ज्या बोटांनी आवळलं, ती आता ऐकत नव्हती. त्यांनी ती बोटं धोतराच्या काठात खुपसली.

"जा बाप्पा," ते मासोळीला म्हणाले, गोठ्यातल्या बैलाशी बोलावं तसं. "जा. लांब जा. फिरून ये."

"आवळा ना," उत्तमराव उभे राहिले. "चालली ना थे."

"जाऊ द्या."

"कायले जाऊ द्या? तुमी आवळणारा माणूस, आजच काऊन सैल सोडून राह्यले?"

मासोळी गेली, थांबली, परत आली, पुन्हा गेली. प्रत्येक वेळी थोडी कमी. उकंडराव घामानं भिजले होते. उत्तमराव आता काठावरून इकडून तिकडे धावत होते आणि कोणाच्या बाजूनं आहोत याचा त्यांना विसर पडला होता. मरळ गुडघाभर पाण्यात आली, आडवी झाली, आणि उत्तमराव चपलांसकट पाण्यात शिरले.

"इवाई, तंगुसाले हात नोका लावू."

तोवर त्यांनी तंगूस पंज्याला गुंडाळून कासऱ्यासारखा हिसडला होता. टक् असा बारीक आवाज आला आणि तंगूस तुटला. ब्रेक सैल होता, पण उत्तमरावांच्या पंज्याला कुठला ब्रेक?

पुढचं उकंडरावांनी आ वासून पाहिलं. तुळशीची माळ घातलेल्या, मासोळीच्या नावानं हात धुणाऱ्या उत्तमरावांनी पाण्यात उडी टाकली आणि मरळ दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली. तिनं शेपटीनं त्यांच्या दोन्ही गालांवर लगावल्या, सदऱ्याच्या गळ्यातून आत शिरली, खालून बाहेर पडली आणि धरणात निघून गेली.

उत्तमराव पाण्यात बसून होते. माळेच्या एका मण्याला खवला चिकटला होता.

"मासोळी पाण्याबाहेर नाही आली," ते शेवटी म्हणाले. "शर्त तुमी हरले."

"तुमच्या सदऱ्यात होती. सदरा पाण्याबाहेर होता."

"अर्धा."

"मंग अर्धी तं काढली. अन् तुमाले दिसली बी. गालावर अजून दिसून राह्यली."

उत्तमरावांनी गाल चोळला. मग माळ चोळली. "घरी सांगू नोका, बाप्पा."

"मी कायले सांगतो? तुमी टोपी नाही काढत, मी सदरा नाही काढत."

बारशाला डोणगावचं अंगण भरलं होतं. आत्यानं कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, पंगत बसली. कुणीतरी आरोळी दिलीच. "उत्तमराव, टोपी होऊ द्या."

उत्तमराव वाढता वाढता म्हणाले, "जुनी झाली हो थे."

पंगत हिरमुसली. माणसं मुकाट्यानं जेवू लागली. उकंडरावांना हवं होतं तेच झालं होतं, पण हातात बुंदीचा लाडू असूनही त्यांना ती शांतता गोड लागेना. इतकी माणसं, आणि हसायला काही नाही. बोटं आवळायला शिवशिवतात तशी आता जीभ सैल सुटायला शिवशिवली.

"एक गोठ आहे," ते म्हणाले, उत्तमरावांच्या किनऱ्या आवाजात, हुबेहूब, की गोजरबाईंनी चमकून वर पाहिलं. "एक माळकरी होता. गावाचं नाव नाही सांगत. त्याचं एका मरळीवर मन बसलं."

पंगतीतले हात थांबले. उत्तमराव लाडवांचं ताट घेऊन धावत आले.

"वाढा हो इवाईले," ते ओरडले. "रिकामं आहे ना तोंड त्यायचं."